रक्ताच्या तीन ठिपक्यांवरून मलेरियाचा रेझिस्टन्स कसा बघायचा

दरवर्षी जून-जुलै आला की एमएस्सीची दोन-तीन पोरं तरी येऊन विचारतात, ताई मलेरियाच्या ड्रग रेझिस्टन्सवर प्रोजेक्ट करायचाय, पीसीआर शिकवा की. मी दरवेळी एकच सांगते, पीसीआर (डीएनएचा हवा तो तुकडा मशीनमधे लाखो पटीनं वाढवायची रीत) नंतर शिकू, आधी कागदावर रक्ताचा ठिपका नीट घ्यायला आणि पेशंटला चार प्रश्न धड विचारायला शिका, कारण प्रोजेक्ट बोंबलतो तो तिथं, मशीनमधे नाही. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून टाकावं. मी मिरजेत लॅबमधे आहे, सांगली-साताऱ्याकडचेच नमुने जास्त बघितलेत, त्यामुळं उदाहरणं पण इकडचीच.

आधी आपण नेमकं शोधतोय काय ते बघू. मलेरियाचा जंतू आपल्या तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो. खाऊन उरतं ते हीम, आणि ते त्याच्यासाठी विष असतं, म्हणून तो त्याचे खडे करून ठेवतो (स्लाईडवर तपकिरी-काळे कण दिसतात ना, तेच ते). हे सगळं चालतं त्याच्या पोटात, म्हणजे फूड व्हॅक्यूओलमधे. क्लोरोक्विन तिथं जाऊन साठतं आणि खडे होऊ देत नाही, की जंतू स्वतःच्याच विषानं मरतो. आता या पोटाच्या भिंतीत पीएफसीआरटी नावाचं एक प्रोटीन असतं, दरवाजासारखं. त्यातल्या ७६ व्या जागेवरचं लायसिन जाऊन तिथं थ्रिओनिन आलं की तो दरवाजा क्लोरोक्विनला बाहेर काढायला लागतो. डीएनएत बघाल तर फरक एका अक्षराचा, एएए चं एसीए झालं, कोडिंग सिक्वेन्समधलं २२७ वं अक्षर. यालाच के७६टी म्हणतात (के म्हणजे लायसिन, टी म्हणजे थ्रिओनिन, मधे जागेचा नंबर). मार्कर म्हणजे एवढंच, अशी एखादी जागा जिथलं अक्षर बघून औषध चालेल की नाही याचा अंदाज बांधता येतो. अंदाज म्हणतेय हं, निकाल नाही.

कुठल्या औषधाला कुठलं जीन बघायचं हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. क्लोरोक्विनला पीएफसीआरटी, ते ७ नंबरच्या क्रोमोझोमवर, सोबत ५ नंबरवरचं पीएफएमडीआर१ (त्यातलं एन८६वाय बघतात). एसपी म्हणजे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनला दोन जीन लागतात: पायरिमेथामिनसाठी डीएचएफआर, त्यात एन५१आय, सी५९आर, एस१०८एन, आय१६४एल, आणि सल्फासाठी डीएचपीएस, त्यात ए४३७जी, के५४०ई, ए५८१जी. आर्टेमिसिनिनसाठी १३ नंबरच्या क्रोमोझोमवरचं के१३. हे शेवटचं २०१४ साली सापडलं आणि तेव्हापासून सगळ्यांना तेच करायचं असतं, कारण नाव मोठं. पण आपल्याकडं फाल्सिपेरमला (मलेरियाचा जास्त जीवघेणा जंतू, वरचे मार्कर त्याचेच) २०१० पासून देशभर एसीटी देतात, म्हणजे आर्टेमिसिनिनच्या गटातलं एक औषध आणि जोडीला दुसरं, आणि ईशान्येकडची राज्यं सोडली तर ती एसीटी म्हणजे आर्टेसुनेट अधिक एसपी. ईशान्येत एसपीचा जोर उतरला म्हणून २०१३ ला तिकडं आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन आलं. म्हणजे इथं आर्टेसुनेटचा जोडीदार एसपीच आहे, आणि जोडीदार लंगडा झाला तर सगळा भार एकट्या आर्टेसुनेटवर येतो. म्हणून माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यानं डीएचएफआर-डीएचपीएस आधी करावं. के१३ करा, नको कोण म्हणतंय, पण आधी हे.

क्लोरोक्विन फाल्सिपेरमला देत नाहीत तर के७६टी बघायचं कशाला, हा प्रश्न व्हायवाला हमखास येतो. मलावीनं १९९३ मधे क्लोरोक्विन बंद केलं, तिथं १९९२ ला ८५ टक्के नमुन्यांत हा बदल होता तो २००० पर्यंत १३ टक्क्यांवर आला, म्हणजे औषधाचा दाब गेला की साधा (औषधानं मरणारा) जंतू परत डोकं वर काढतो. आपल्याकडं तसं सरळ होत नाही, कारण व्हायवॅक्सला (मलेरियाचा दुसरा जंतू) अजून क्लोरोक्विनच चालतं, गोळी गावागावात आहे, आणि दोन्ही जंतू त्याच माणसांत फिरतात. त्यामुळं दाब पूर्ण जातच नाही.

आता नमुना. सांगली-साताऱ्यात मलेरियाच्या केसेस मुळात कमी, आणि ज्या सापडतात त्यात बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा: वीटभट्टी, रस्त्याची कामं, एमआयडीसीतले कॉन्ट्रॅक्टचे कामगार, ट्रकवाले. गडचिरोलीत जेवढे नमुने आठवड्यात मिळतील तेवढे इथं वर्षभरात मिळाले तर नशीब समजायचं. त्यामुळं इथं एकेक नमुना मोलाचा, आणि त्याच्यासोबतचा कागद त्याहून मोलाचा. आधी एथिक्स कमिटीची परवानगी, मग जिल्हा हिवताप कार्यालयाची, मग पेशंटची संमती, तीही त्याला कळणाऱ्या भाषेत. हे होईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात, म्हणून जूनमधे येऊन ऑगस्टमधे नमुने पाहिजेत म्हणू नका.

एका आरोग्य सेवक काकांबरोबर मी कराडच्या बाजूला एका साईटवर गेले होते. तापाचा पेशंट होता, विशीतला पोरगा, आरडीटीत (बोटाच्या रक्तावरची झटपट चाचणी) फाल्सिपेरम आलेला. माझ्या फॉर्मवर रकाना होता ‘गाव’. विचारलं, गाव कुठलं? म्हणाला कराड. मी लिहिलं कराड आणि पुढच्या रकान्यावर गेले. काका हसले, म्हणाले, "मॅडम, असं नसतंय विचारायचं," आणि त्याच्याकडं वळून, "गेल्या महिनाभरात रात्री झोपायला कुठं कुठं होतास, सांग बघू." मग निघालं. दिवाळीला ओडिशात घरी गेलेला, परत येऊन बारा दिवस झालेले. फाल्सिपेरम चावल्यापासून ताप यायला साधारण ९ ते १४ दिवस लागतात, म्हणजे तो जंतू कराडचाच असं म्हणताच येत नव्हतं, ओडिशाचा असायची शक्यता मोठी. गाव कराड लिहून मी तो रिपोर्ट केला असता तर साताऱ्याच्या नावावर कदाचित ओडिशाचा जंतू चढला असता. डास रात्री चावतो, म्हणून झोप कुठं झाली ते विचारायचं, हा पहिला प्रश्न. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर ‘गाव’ हा रकानाच नाही.

दुसरा प्रश्न, गोळ्या कुठल्या घेतल्या आणि किती. नाव आठवत नसेल तर पाकीट मागा, खिशात नाहीतर उशाखाली असतंच. औषध सुरू व्हायच्या आधी रक्त घेतलं की नंतर, हे तारीख-वेळेसकट लिहा. आधीच घेतलेलं बरं, कारण गोळी पडली की जंतू भराभर कमी होतात आणि मिक्स इन्फेक्शन असेल तर साधे आधी मरून रेझिस्टंटच मागं उरतात, चित्र वाकडं दिसतं. पण तुमच्या नमुन्यासाठी पेशंटचा डोस पाच मिनिटंसुद्धा लांबवायचा नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा.

तिसरा, ताप परत आलाय का. इथं सगळे घसरतात. ‘गोळ्या खाल्ल्या तरी मलेरिया परत आला’ म्हणजे लगेच रेझिस्टन्स नव्हे. व्हायवॅक्स लिव्हरमधे झोपून राहतो, १४ दिवसांचा प्रायमाक्विनचा समूळ उपचार पूर्ण केला नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी परत उठतो, आणि चौथ्या दिवशी ताप गेला की गोळ्या कोण खातंय? उलटी झाली असेल, अर्धाच डोस झाला असेल, नाहीतर नवा डास चावला असेल. फाल्सिपेरममधे जुनाच जंतू परत आलाय की नवा घुसलाय हे बघायला एमएसपी१, एमएसपी२ सारखी जीन दोन्ही वेळच्या नमुन्यांत ताडून बघतात.

चौथा प्रश्न पेशंटला नाही, स्वतःला: या नमुन्याचा कोड फॉर्मवर, रजिस्टरला आणि कागदावर एकच आहे का? बास.

रक्त घेताना डाव्या हाताचं मधलं नाहीतर करंगळीशेजारचं बोट, स्पिरिटनं पुसायचं आणि वाळू द्यायचं, ओल्या स्पिरिटवर टोचलं की रक्त पसरतं. नवी लॅन्सेट, पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढचा थेंब व्हॉटमन ३ नंबरच्या कागदाला अलगद टेकवायचा. एका जागी एकदाच. थेंबावर थेंब देऊ नका, कागद मागून पण लाल दिसला की झालं. असे तीन ठिपके. कोड पेन्सिलीनं लिहायचा, जेल पेन पाण्यानं नाहीतर स्पिरिटनं पसरतो. लॅन्सेट लगेच शार्पच्या डब्यात.

मग वाळवणं, आणि इथं माझा जुना वैताग. पहिल्या वर्षी मी सहा कागद रात्री खिडकीजवळ टेबलावर पेपर टाकून वाळत ठेवले, पाऊस होता, उन्हात ठेवायचा प्रश्नच नव्हता (तसं ऊन द्यायचंच नसतं). सकाळी येऊन बघते तर मुंग्यांची रांग. ठिपक्यांच्या जागी गोल गोल भोकं, इतकी सुबक की पंचनं पाडल्यासारखी! सहापैकी दोनच कागद वाचले. आता मी स्टँडला क्लिपनं कागद लटकवते, स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत, आपल्या आज्या दुधाच्या कपाटाखाली ठेवायच्या तसं. किमान चार तास, पावसाळ्यात आख्खी रात्र. पाटण-कोयनेकडं तर हवाच ओली असते, ठिपका वरून कोरडा वाटतो आणि आतून ओला असतो, तसाच झिपच्या पिशवीत घातला की आठ दिवसांत बुरशी. ठिपका लाल न राहता काळपट चॉकलेटी झाला की वाळला समजा. प्रत्येक कागद वेगळ्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, रंग बदलणारी घ्या. निळी गुलाबी झाली की पुडी संपली, ओव्हनमधे तापवून परत निळी करता येते. काही महिन्यांसाठी खोलीच्या तापमानाला चालतं, जास्त दिवस ठेवायचं तर उणे २० ला.

एक फुकटची टीप: वापरलेली आरडीटी किट फेकू देऊ नका. आतल्या पट्टीवरच्या रक्तातून डीएनए निघतो. पीएचसीत सांगून ठेवा, कोड लिहून पिशवीत टाकून ठेवतील. आणि उलटंही बघा, स्लाईडवर फाल्सिपेरम आणि किट निगेटिव्ह असं दिसलं तर ते वेगळं प्रकरण असू शकतं, किट ज्या एचआरपी२ प्रोटीनला पकडते त्याचं जीनच काही जंतूंमधे गायब असतं. असा नमुना बाजूला काढून वरिष्ठांना कळवा.

डीएनए काढायला कॉलमचं किट असेल तर त्यावरचंच फॉलो करा, काही सांगायचं नाही. पैसे नसतील तर चेलेक्स, म्हणजे धातूचे कण ओढून घेणारे बारीक मणी. ठिपक्यातून पंचनं तुकडा काढायचा, दोन नमुन्यांच्या मधे कोऱ्या कागदावर चार-पाच वेळा पंच मारायचा म्हणजे आधीचं रक्त पुढं जात नाही. सॅपोनिनमधे (तांबड्या पेशी फोडायला) रात्रभर, मग पीबीएसनं (मिठाच्या बफरनं) धुवायचं, मग चेलेक्स घालून उकळत्या तापमानाला दहा मिनिटं, आणि सेंट्रिफ्यूजमधे फिरवून वरचं पाणी काढायचं. वरचंच. खालचे चेलेक्सचे मणी पिपेटमधे आले तर ते पीसीआरमधलं मॅग्नेशियम ओढून घेतात आणि जेलवर बँडच (डीएनएचा पट्टा) येत नाही, मग तुम्ही आठवडाभर प्रायमरला (हवा तो तुकडा धरणारे डीएनएचे छोटे धागे) शिव्या घालत बसता. मी बसलेय.

प्रायमर लावायच्या आधी जंतू कुठला ते पीसीआरनं पक्कं करा. १८एस जीनच्या नेस्टेड (दोन राऊंडच्या) पीसीआरमधे फाल्सिपेरम २०५ बेस पेअरला आणि व्हायवॅक्स १२० च्या आसपास दिसतो. स्लाईडवर एकच दिसला आणि पीसीआरमधे दोन्ही निघाले असं होतं. व्हायवॅक्सच्या नमुन्यावर पीएफसीआरटीचे प्रायमर लावून ‘रेझिस्टन्स नाही’ असं लिहिलेला रिपोर्ट मी डोळ्यांनी बघितलाय, कुणाचा ते राहू दे. बँड आला नाही म्हणजे म्युटेशन नाही असं होत नाही हो.

पीसीआरच्या दोन गोष्टी. हा जीनोम जवळजवळ ८० टक्के ए आणि टी चा आहे, त्यामुळं प्रायमर सैल चिकटतात आणि नेहमीच्या ७२ ऐवजी ६० ते ६८ डिग्रीला एक्स्टेन्शन (तुकडा वाढवायची पायरी) ठेवलं तर बऱ्याचदा काम होतं. आणि नेस्टेड म्हणजे दोन राऊंड, म्हणजे पहिल्या राऊंडची ट्यूब उघडताना हवेत उडालेला कण सगळ्या बॅचला लागू शकतो. मिक्स करायची जागा वेगळी, डीएनए घालायची वेगळी, जेल चालवायची वेगळी, पिपेटसुद्धा वेगळे. पाण्याचा निगेटिव्ह कंट्रोल (डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेली ट्यूब) दोन्ही राऊंडमधून न्यायचा. त्यात बँड दिसला तर बॅच कचऱ्यात, ‘फिकट आहे, चालेल’ करायचं नाही. पॉझिटिव्ह कंट्रोलला साधा म्हणून ३डी७ आणि रेझिस्टंट म्हणून डीडी२ किंवा ७जी८ (हे लॅबमधे वाढवलेले, माहीत असलेले वाण) यांचा डीएनए मिळवा.

के७६टी साठी सिक्वेन्सिंगचे पैसे नसले तरी चालतं. एपीओ१ नावाचं कात्रीसारखं एन्झाईम मिळतं, ते साध्या जंतूचा तुकडा त्या जागी कापतं आणि बदललेला कापत नाही. जेलवर तुकडे झाले तर साधा, अखंड राहिला तर म्युटंट, दोन्ही दिसले तर मिक्स. पण अखंड राहण्याचं कारण एन्झाईम मेलेलं असणं हेही असतं, म्हणून ३डी७ शेजारी पाहिजेच, तो कापला गेला तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. आणि प्रोब (ठरावीक अक्षरांनाच चिकटणारा खुणेचा तुकडा) वापरणार असाल तर जपून. बाहेरचे बरेच सेट ७२ ते ७६ या पाच जागांवर सीव्हीआयईटी (पाच अमिनो आम्लांची पाच अक्षरं) शोधायला केलेले असतात, ईशान्य भारतात ते चालेल, पण बाकी भारतात जास्त करून एसव्हीएमएनटी सापडतो. त्याचा प्रोब नसेल तर रेझिस्टंट नमुना समोर असून दिसणार नाही.

बाकी जीनसाठी सॅन्गर सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं एकेक करून वाचणं. प्रॉडक्ट बाहेर पाठवायचं, दोन्ही बाजूंनी वाचून घ्यायचं, आणि आलेल्या टेक्स्ट फाईलवर अजिबात भरवसा न ठेवता क्रोमॅटोग्राम (अक्षरांच्या शिखरांचा आलेख) स्वतः उघडून बघायचा. सॉफ्टवेअर मोठ्या शिखराचं अक्षर लिहून मोकळं होतं, त्याच्या पोटात दुसरं छोटं शिखर असेल तर ते मिक्स इन्फेक्शन असू शकतं. दुसऱ्या बाजूनं वाचलेल्यात पण तेच दिसलं तर मिक्स लिहा. जुळवायला ३डी७ चा रेफरन्स प्लाझ्मोडीबी या वेबसाईटवरून घ्या. इथं एक खड्डा आहे: पीएफसीआरटीला १३ एक्झॉन आहेत, तुमचा तुकडा जीनोममधला, त्यात मधे इन्ट्रॉन (प्रोटीन न बनवणारे तुकडे) येतात, आणि तुम्ही तो नुसत्या कोडिंग सिक्वेन्सला जुळवत बसलात की नंबर सगळे सरकतात. के१३ ला इन्ट्रॉन नाही, तिथं सोपं, ७२६ अमिनो आम्लं सरळ मोजत जायची.

के१३ मधे बदल दिसला की पोरं नाचायला लागतात. थांबा जरा. ५८० ला सिस्टिनचं टायरोसिन झालं, सी५८०वाय, तर ती आग्नेय आशियातली कुप्रसिद्ध खूण. आर५६१एच रवांडात, ए६७५व्ही आणि सी४६९वाय युगांडात, आर६२२आय इरिट्रिया-इथिओपियाकडं. पण त्याच ५८० च्या दोन घरं अलीकडं ए५७८एस म्हणून एक बदल आहे, आफ्रिकेत नेहमी दिसतो आणि त्याचा रेझिस्टन्सशी संबंध लागलेला नाही. म्हणजे नंबर बघायचा, जवळपासचं काहीतरी सापडलं म्हणून हेडलाईन करायची नाही. आणि के१३ चा रेझिस्टन्स ‘अर्धवट’ असतो, जंतू मरतात पण सावकाश, तिसऱ्या दिवशीची स्लाईड अजून पॉझिटिव्ह येते. जोडीची गोळी खणखणीत असेल तर पेशंट बरा होतो. म्हणून म्हटलं, जोडीदार बघा आधी.

शेवटी हिशोब, आणि इथं मला हमखास भांडावं लागतं. समजा तुमच्याकडं ११ नमुने, त्यात ६ म्युटंट, ३ साधे, २ मिक्स. मिक्सला म्युटंटमधे धरलं तर ११ पैकी ८, म्हणजे ७३ टक्के. मिक्स सोडून दिले तर ९ पैकी ६, ६७ टक्के. प्रत्येक मिक्सला अर्धा-अर्धा धरला तर ६४. तिन्ही आकडे कुठं ना कुठं छापतात, तुम्ही कसं मोजलं ते लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ नाही. आणि ७३ टक्के म्हटलं तरी ११ नमुन्यांवर खरा आकडा ४० ते ९० च्या मधे कुठंही असू शकतो. तेव्हा ‘सांगली जिल्ह्यात ७३ टक्के रेझिस्टन्स’ असलं काही लिहू नका, त्यातले सात ओडिशा-झारखंडहून आलेले असतील तर मुळीच नाही. अकरा ओळींचा तक्ता द्या, प्रत्येक ओळीत कोड, तारीख, महिनाभर कुठं झोपला, गोळी आधी की नंतर, आणि प्रत्येक जागेवरचं अक्षर. लोक त्याला साधं समजतात, पण ज्याला खरंच वापरायचंय त्याला तो तक्ताच पाहिजे असतो.

रिपोर्ट हिवताप कार्यालयाला द्या, पेशंटच्या हातात नको. मार्कर बघून एकेका पेशंटची गोळी बदलत नाहीत, तुमचा सिक्वेन्स येईपर्यंत तो बरा होऊन कामावर गेलेला असतो. औषधाचं धोरण बदलतं ते पेशंटचा २८ दिवस किंवा जास्त फॉलोअप घेऊन, उपचार फसायचं प्रमाण १० टक्क्यांवर गेलं की. मार्कर त्याच्या आधी धोक्याची घंटा वाजवतो इतकंच.

आणि तीन ठिपक्यांपैकी एक वापरू नका. मोह होतो, पहिल्यातून बँड आला नाही की दुसरा, मग तिसरा. दुसऱ्यावर थांबा. के१३ सापडलं २०१४ ला, त्यानंतर लोकांनी फ्रीजरमधले कितीतरी वर्षांचे जुने कागद काढून परत तपासले, ते घेतले तेव्हा या जीनचं कुणाला माहीतही नव्हतं. तिसरा ठिपका नव्या सिलिकासकट पिशवीत, पेन्सिलीचा कोड बाहेरून वाचता येईल असा, उणे २० च्या खालच्या कप्प्यात. आणि रजिस्टरची झेरॉक्स दुसऱ्या खोलीत ठेवा.